समुद्र न पाहिलेल्या घरातला समुद्रफेस

सास्तूरहून समुद्र गाठायचा तर सरळ रेषेत मोजले तरी सुमारे साडेतीनशे किलोमीटर होतात. मधे बालाघाटच्या डोंगररांगा, मग भीमेचे खोरे, त्यापलीकडे सांगली-सोलापूरचा अवर्षणाचा पट्टा आणि शेवटी सह्याद्री. खारे पाणी म्हटले की आमच्या भागात उन्हाळ्यात तळाला गेलेल्या विहिरीचे पाणी आठवते. तरीही माझ्या आजीच्या पितळी डब्यात समुद्राचा एक तुकडा होता.

डब्यात बाळहिरडा होता, मुरडशेंग होती, वेखंड, जायफळ, सुंठ, सागरगोटा, आणि या सगळ्यांच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक पांढरा, लांबट, होडीच्या आकाराचा तुकडा. लांबी तळहाताएवढी. एक बाजू टणक आणि किंचित खरखरीत, दुसरी खडूसारखी भुसभुशीत. नखाने खरवडले की पूड निघे. हातात घेतला तर वजन जाणवत नसे, आणि घंगाळात टाकला तर तरंगे. हा प्रयोग मी एकदाच केला, कारण त्यानंतर मार बसला. लहान मुलाचा कान वाहू लागला की आजी त्या तुकड्याची चिमूटभर पूड काढी आणि कागदाच्या सुरळीने कानात फुंकी. आजचे कानाचे डॉक्टर हे वाचून कपाळावर हात मारतील, आणि ते बरोबरच आहे. पण तेव्हा डॉक्टर उमरग्याला होते आणि एसटी दिवसातून दोनदा होती.

त्या तुकड्याला आजी ‘समुद्रफेस’ म्हणे. हा काय आहे असे विचारले तर तिचे उत्तर ठरलेले. देव-दैत्यांनी समुद्र घुसळला, फेस वर आला, तो काठावर वाळला. ताकावर येणारा फेस मी रोज पाहत होतो, त्यामुळे मला ते लगेच पटले. आजी माळकरी होती. पंढरपूर, तुळजापूर आणि एकदा काशी एवढाच तिचा प्रवास. समुद्र तिने पाहिला नाही. मासळीचा वास आलेल्या दुकानासमोरून ती पदर नाकाला लावून जात असे.

ती गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी मला कळले की तो फेस नव्हता. तो एका प्राण्याच्या शरीरातला भाग होता. इंग्रजीत त्या प्राण्याला कटलफिश म्हणतात, पण त्यात माशाचे काही नाही. तो शिंपल्या-गोगलगायींच्या कुळातला, आठ हात आणि दोन लांब शुंडा असलेला मृदुकाय प्राणी. या कुळातल्या बहुतेकांचे कवच बाहेर असते. याने ते पाठीच्या कातडीखाली, शरीराच्या आत घेतले. समुद्रफेस म्हणजे ते आत गेलेले कवच. ते कवच ज्याचे, तो प्राणी डोळ्याची पापणी लवायच्या आत अंगाचा रंग, नक्षी आणि पोत बदलू शकतो. जगातल्या रंग बदलणाऱ्या प्राण्यांत त्याच्या तोडीचे फार थोडे. आणि आमच्याकडे, गावोगावच्या काष्ठौषधींच्या दुकानांत, शतकानुशतके पोहोचली ती त्याच्या शरीरातली एकमेव वस्तू जिला रंगच नाही.

हे असे का झाले, आणि मधल्या वाटेवर तो प्राणी कुठे गळाला, याचा माग घ्यावा म्हणून हा लेख.

सुरुवात नावापासून करावी लागते. ‘समुद्रफेन’ हे नाव संस्कृत वैद्यकात जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांच्या विकारांवरच्या अंजनांत ते येते. लेखन करणारे, म्हणजे खरवडून साफ करणारे द्रव्य म्हणून त्याची ख्याती आहे, आणि ज्याने ती पूड बोटांत चोळून पाहिली आहे त्याला हा गुण सांगावा लागणार नाही. अमरकोशात त्याचे आणखी एक नाव मिळते: अब्धिकफ. समुद्राचा कफ! फेसापेक्षाही हे नाव मला जास्त मराठी वाटते, म्हणजे जास्त घरगुती. समुद्राला पडसे झाले, तो खाकरला आणि हे काठावर येऊन पडले. पण खरी गंमत हा शब्द कोशात कुठे बसवला आहे त्यात आहे. अमरसिंहाने पाण्याचे, मासे-कासवांचे शब्द एका वर्गात दिले आहेत. हा शब्द मात्र वैश्यवर्गात, सिंदुराच्या शेजारी येतो. म्हणजे कोशकाराच्या दृष्टीने ही समुद्रातली वस्तू नव्हती, दुकानातली होती. ती जिथून आली ते तिच्या अर्थाचा भाग उरलेच नव्हते.

ही चूक केवळ आपली नव्हे. युनानी वैद्यकात याच वस्तूला ‘कफ-ए-दरिया’ म्हणतात. फारसीत कफ म्हणजे फेस. सास्तूर १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि या मुलखात वैद्य आणि हकीम दोघांचीही औषधे चालत. एकाचा कफ छातीतला, दुसऱ्याचा लाटेवरचा. दोन वेगळ्या भाषांतले, पण एकमेकांशी नाते असलेले शब्द एकाच पांढऱ्या तुकड्यावर येऊन बसले. जर्मनांनी तर ‘समुद्रफेस’ याच अर्थाचा ‘मेअरशाउम’ हा शब्द चिलमी कोरायच्या एका हलक्या पांढऱ्या दगडाला दिला आणि पुढे खनिजशास्त्रज्ञांनी त्या दगडाचे नाव, तो समुद्रफेसासारखा दिसतो म्हणून, सेपिओलाइट ठेवले. जे पांढरे, हलके आणि सच्छिद्र, ते फेस. डोळ्यांनी एवढेच सांगितले आणि सगळ्यांनी ते मानले.

यात सोवळ्याचाही काही भाग असावा असे मला पूर्वी वाटे. वस्तूचे नाव ‘माकुलाचे हाड’ असते तर ती आजीच्या डब्यात आली असती का? आली नसती, याची मला खात्री आहे. पण म्हणून नाव मुद्दाम झाकण्यासाठी दिले असे म्हणणे वैद्यकावर अन्याय करणारे होईल. त्याच ग्रंथांत शंख आहे, शिंपला आहे, प्रवाळ आहे, हरणाचे शिंग आहे. कुणाचेही मूळ लपवलेले नाही. समुद्रफेनाच्या बाबतीत लपवायला कुणाला काही ठाऊकच नव्हते, हे जास्त संभवते. प्राणी मेला की मांस कुजते, कवच सुटते, आतल्या हवेमुळे तरंगते आणि भरतीबरोबर वाळूवर येते. गोळा करणाऱ्याला प्राणी दिसतच नाही. किनाऱ्यावर वेचणारा एक, गोणीत भरणारा दुसरा, घाट चढवणारा तिसरा, कुटणारा चौथा. ज्याने तो प्राणी जिवंत पाहिला होता तो कोळी या साखळीत कुठेच नव्हता.

ही साखळी किती जुनी असेल याचा अंदाज आमच्याच जिल्ह्यातून बांधता येतो. धाराशिवजवळचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत तगर येते: पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथून गाड्या भरून कापड भडोचच्या बंदरात जाई. तेरच्या पांढरीत सापडलेल्या वस्तू तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहेत. रोमन धाटणीच्या वस्तूंची चर्चा नेहमी होते, हस्तिदंती बाहुलीची तर होतेच. मला मात्र तिथल्या शंखाच्या बांगड्या जास्त बोलक्या वाटतात. शंख गोदावरीत मिळत नाही. जिथे बांगड्यांसाठी शंख बैलगाडीतून येत होता तिथे त्याच गोणीच्या कोपऱ्यात औषधाचा समुद्रफेनही येणे काही अवघड नव्हते. भुसभुशीत वस्तू दोन हजार वर्षे मातीत टिकत नाही, तेव्हा हा माझा तर्क तर्कच राहणार. पण समुद्राच्या वस्तू पठारावर येत होत्या आणि समुद्राची माहिती येत नव्हती, एवढे तरी त्या बांगड्यांवरून आणि आजीच्या उत्तरावरून जुळते.

आता त्या साखळीबाहेर राहिलेल्या माणसाकडे जाऊ. मुंबईच्या कोळीवाड्यात या प्राण्याला माकूल म्हणतात, मालवणकडे म्हाकूल, गोव्यात माणकी. ही नावे स्क्विड आणि कटलफिश या दोघांनाही चालतात. पण जाळ्यातून काढणारा माणूस चिमटीत धरताच सांगतो की आत पारदर्शक पात आहे की पांढरी कवटी. आपल्या किनाऱ्यावर मिळणाऱ्यांत सगळ्यांत मोठी जात सेपिया फॅराओनिस, म्हणजे ‘फेरोंची सेपिया’. एऱ्हेनबर्ग या जर्मन निसर्गवैज्ञानिकाने तांबड्या समुद्रातल्या नमुन्यांवरून १८३१ साली ती नोंदवली. तिचे धड चाळीस सेंटिमीटरपर्यंत वाढते. नराच्या अंगावर वाघासारखे पट्टे असतात. आजीच्या डब्यातला तुकडा हिच्या एखाद्या लहान पिल्लाचा किंवा सेपिया अ‍ॅक्युलिआटा या दुसऱ्या जातीचा असावा.

मी हा प्राणी पहिल्यांदा पाहिला तो ससून डॉकमध्ये, पहाटे, टोपलीत. १८७५ सालचा हा धक्का मुंबईत आलेल्या प्रत्येक मराठवाडी माणसाने एकदा तरी पाहावा, नाक दाबून का होईना. टोपलीत माकूल पांढरट, शाईने माखलेले आणि मेलेले होते. वरच्या एकाच्या अंगात धुगधुगी असावी. त्याच्या पाठीवरून तपकिरी ठिपक्यांचा एक लोट सरकत गेला, विरला, पुन्हा उमटला. शेजारच्या बाईंना मी विचारले, हे काय होते आहे? त्यांनी हात न थांबवता उत्तर दिले, “जीव जातोय अजून.”

त्या ठिपक्यांना शास्त्रात रंगपेशी म्हणतात. १८१९ साली नेपल्समध्ये सांजोव्हान्नी या प्राणिशास्त्रज्ञाने त्यांचे पहिले नीट वर्णन केले. प्रत्येक ठिपका म्हणजे रंगद्रव्याची एक लवचीक पिशवी. तिच्या कडेभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे स्नायू लावलेले. स्नायू आखडले की पिशवी ताणून पसरते आणि रंग दिसतो. सैल पडले की ती टाचणीच्या टोकाएवढी होते आणि रंग नाहीसा. पिवळा, तांबूस आणि गडद तपकिरी हे तीनच रंग. त्यांच्याखाली प्रकाश परतवणाऱ्या पेशींचा थर असतो, त्यातून निळा-हिरवा चमकतो, आणि सर्वांत खाली पांढरा अस्तर. आपण कापडावर जसे आधी अस्तर, मग जर, मग वेलबुट्टी पाहतो तसे. फरक इतकाच की इथली वेलबुट्टी मेंदूला तारांनी जोडलेली आहे. चेतातंतू मेंदूतून थेट या स्नायूंपर्यंत जातात, म्हणून बदल क्षणात होतो. सरड्याचे तसे नाही. त्याचा रंग पालटायला बराच अधिक वेळ लागतो आणि त्याची यंत्रणाही निराळी आहे. मराठीने रंग बदलण्याचा सगळा दोष सरड्याच्या माथी मारला, कारण तो कुंपणावर दिसतो. कोकणच्या समुद्रात त्याच्यापेक्षा शतपट तरबेज प्राणी होता, पण म्हणी बहुधा कुंपणापाशीच तयार होतात.

फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेत २०१८ साली एका गटाने एकाच प्राण्याच्या अंगावरच्या हजारो रंगपेशींचे वेगवान चित्रण करून प्रत्येक पेशीचा हिशेब ठेवला. त्यातून दिसले की रंगपेशी जन्मतात तेव्हा पिवळ्या असतात आणि वय वाढेल तशा तांबूस, मग काळपट होतात. वाढत्या अंगावर नव्या पेशी जुन्यांच्या मधल्या जागेत येत राहतात. म्हणजे या प्राण्याच्या पाठीवर कोणता ठिपका जुना आणि कोणता नवा हे रंगावरून सांगता येते. २०२३च्या पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट कळली. पार्श्वभूमीशी जुळणारी नक्षी हा प्राणी एका झेपेत गाठत नाही. जवळ जातो, थांबतो, चुकतो, दुरुस्त करतो, पुन्हा थांबतो. चित्रकाराने मागे सरकून चित्राकडे पाहावे तसे.

आणि इतके करून त्याला रंग दिसत नाहीत. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. याच्या डोळ्यात एकच दृष्टिद्रव्य. १९९६ साली मार्शल आणि मेसेंजर या दोघांनी ‘नेचर’मध्ये लिहिलेल्या टिपणाने हा मुद्दा ठळक झाला. उजळपणा सारखा असलेल्या वेगळ्या रंगांचे खडे किंवा चौकटी याच्याखाली ठेवल्या तर तो फरक ओळखत नाही, सपाट एकरंगी होऊन बसतो. मग तो तांबड्या शेवाळाशी आणि पिवळ्या वाळूशी जुळतो कसा? त्याच्या डब्ल्यू अक्षरासारख्या बाहुलीमुळे निरनिराळे रंग निरनिराळ्या अंतरावर स्पष्ट होत असावेत, असा एक तर्क २०१६ साली मांडला गेला. कातडीतच प्रकाश ओळखणारी द्रव्ये असल्याचे पुरावे आहेत. वाद मिटलेला नाही. मला या वादात विशेष रस आहे, कारण आपण ज्याला रंगाचा राजा म्हणतो तो स्वतःच्या राज्यात आंधळा असेल, तर ते रंग नक्की कुणासाठी आहेत? उत्तर सरळ आहे: खाणाऱ्यासाठी आणि खाल्ल्या जाणाऱ्यासाठी. मोठा मासा वरून जातो तेव्हा त्याला वाळू दिसली पाहिजे. कोलंबीपुढे जाताना या प्राण्याच्या अंगावरून ढगांच्या सावल्यांसारखे पट्टे सरकतात.

तिसराही एक प्रेक्षक असतो, प्रतिस्पर्धी. आमच्याकडे सुगीनंतर बहुरूपी येत. कधी पोलीस, कधी पोस्टमन, कधी गरोदर बाई. अर्ध्या अंगाला पुरुषाचा आणि अर्ध्याला बाईचा वेश करून येणाऱ्यासाठी आम्ही मुले गल्लीभर धावत असू. सिडनीच्या समुद्रातल्या सेपिया प्लँगॉन या जातीचा नर नेमके हेच करतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांनुसार, एका बाजूला मादी आणि दुसऱ्या बाजूला दुसरा नर असेल तर तो मादीच्या बाजूच्या अर्ध्या अंगावर नराची नक्षी आणतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या बाजूच्या अर्ध्यावर मादीची. पलीकडच्याला वाटते दोन माद्या बोलत बसल्या आहेत.

या सगळ्या करामतीसाठी आयुष्य मिळते ते वर्षाचे, फार तर दोन वर्षांचे. तीन हृदये, तांब्यामुळे निळसर दिसणारे रक्त आणि आकारमानाच्या मानाने मोठा मेंदू. २०२१च्या एका प्रयोगात या प्राण्यांनी समोरचा साधा घास सोडून नंतर मिळणाऱ्या आवडत्या कोलंबीसाठी दोन मिनिटांपर्यंत वाट पाहिली; आमच्या घरातल्या काही मुलांना हे जमत नाही. अंड्यातले पिल्लू कवचातून बाहेर पाहते आणि तेव्हा पाहिलेले भक्ष्य पुढे लक्षात ठेवते. झोपेतसुद्धा अंगावर रंग उमटून जातात. ते स्वप्न आहे का, हे सांगायला कुणी धजावत नाही. मादी आयुष्याच्या शेवटी पाण्यातल्या एखाद्या फांदीला, दोराला, प्रवाळाला द्राक्षांच्या घडासारखी अंडी चिकटवते आणि लवकरच मरते. शिकवायला आई उरत नाही. प्रत्येक पिढी सगळे स्वतः शिकते.

पाश्चात्त्यांच्या हाती या प्राण्याची दुसरी वस्तू लागली: शाई. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने नोंदवून ठेवले आहे की सेपिया घाबरून शाई सोडते तशीच लपण्यासाठीही सोडते. तो लेस्बॉस बेटाच्या खाडीवर कोळ्यांशी बोलत होता हे त्याच्या लेखनातून उघड दिसते, आणि माझ्या मते फरक पडतो तो इथेच. त्याची बुद्धी थोर होतीच, पण त्याचा माहीतगारही योग्य होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही शाई चित्रकारांचा लोकप्रिय तपकिरी रंग झाली. इंग्लंडमध्ये लाइम रेजिस इथे एलिझाबेथ फिल्पॉट या जीवाश्मसंग्राहक बाईंनी तर या प्राण्याच्या लुप्त नातलगांची दगड झालेली शाई पाण्यात कालवून तिने जीवाश्मांची चित्रे काढली. त्या रंगाचे नाव जुन्या फोटोंनाही चिकटले. आपल्या घरातला पणजोबांचा फेट्यातला तपकिरी फोटो ‘सेपिया’ म्हणून ओळखला जातो, जरी तो रंग माकुलाच्या शाईचा नसून चांदीच्या संयुगाचा असतो. हानेमानने याच शाईपासून होमिओपॅथीतले ‘सेपिया’ केले, आणि ते उमरगा-लातूरच्या दवाखान्यांतल्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांत अजून मिळते. दोनशे पोटेन्सीत शाईचा रेणूही उरत नाही, हा भाग वेगळा. असो. हाड असो की शाई, आमच्याकडे येईपर्यंत प्राणी विरघळून गेलेला असे.

यातला एक अपवाद मात्र विलक्षण आहे. आजीच्या देवघरात शाळिग्राम होता. गंडकीच्या पात्रातले हे काळे गोटे म्हणजे ज्युरासिक काळातल्या अमोनाइटांचे जीवाश्म, आणि अमोनाइट हे माकुलाच्याच शीर्षपाद वर्गातले. शाळिग्रामातले चक्र म्हणजे त्याच्या गुंडाळलेल्या कवचाचे वळसे. त्याविषयीची पौराणिक समजूत अशी की वज्रकीट नावाचा किडा दगड कोरून ती चक्रे करतो. बघा, इथे परंपरेला प्राणी आठवला! तो चुकीचा प्राणी होता, पण त्या वळशांमागे कुणीतरी जिवंत आहे हे कुणाला तरी जाणवले होते. देव झालेल्या दगडात किडा दिसला आणि अजून विटलेलेही नाही अशा हाडात फेस. आजी सकाळी एका नातलगाला स्नान घाली आणि दुसऱ्याला खरवडून नातवाच्या कानात घाली.

अमोनाइट संपले ते सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी. त्याच सुमारास दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर ओतले जात होते. त्या संहारात उल्केचा वाटा किती आणि आमच्या लाव्हाचा किती, यावर भूवैज्ञानिकांत अजून वाद आहे. कवच आत घेतलेल्या माकुलाच्या पूर्वजांपैकी काही तगले. सास्तूर त्या लाव्हावर बसले आहे. त्याच काळ्या दगडाच्या दोन-दोन हात रुंद, मातीत रचलेल्या भिंती आणि वर मातीचे माळवद, अशी आमची घरे होती. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाव झोपले असताना, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी त्या भिंती खाली आल्या. सरकारी आकड्यांप्रमाणे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास आठ हजार माणसे गेली. सास्तूर सर्वाधिक हानी झालेल्या गावांतले. मी सोलापूरला शिकत होतो. आमच्या घरातली माणसे वाचली. शेजारच्या घराविषयी मला तसे लिहिता येत नाही. पुढे राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला भोक पाडून पाहिले, तर तीनशे अडतीस मीटरपर्यंत नुसता बेसाल्ट. आम्ही किती जाड दगडावर राहत होतो हे असे कळले.

ढिगारा उपसताना तिसऱ्या की चौथ्या दिवशी आजीचा पितळी डबा मिळाला. एका बाजूने चेपला होता. आतले वेखंड आणि हिरडा पिठासारखे झाले होते. समुद्रफेसाचा तुकडा मात्र मधोमध दुभंगला होता आणि दोन्ही भाग फडक्यात जागच्या जागी होते.

तुटला म्हणूनच त्याच्या आतले मला दिसले. भिंगाखाली धरले तर तो सलग नाही. पातळ पापुद्र्यांचे मजले एकावर एक, आणि मजल्यांमधे असंख्य उभे खांब. डेन्टन आणि गिल्पिन-ब्राऊन यांनी प्लिमथच्या प्रयोगशाळेत १९६१च्या सुमारास दाखवून दिले की प्राणी या मजल्यांतले पाणी उपसून वा आत घेऊन आपला हलकेपणा राखतो, म्हणजे पाणबुडीच्या टाक्यांसारखे. खांबांमुळे खोल पाण्याच्या दाबाखाली मजले चेपत नाहीत. आमच्या माळवदाला असे खांब नव्हते.

मधल्या काळात किनाऱ्यावर बरेच बदलले. पूर्वी माकूल गरिबाच्या कालवणात किंवा गळाला आमिष म्हणून जाई. १९७०च्या दशकात युरोप आणि जपानच्या मागणीमुळे त्याची निर्यात सुरू झाली, ट्रॉलर त्याच्या मागे लागले, आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेला त्याच्यावर १९८५ साली जाड अहवाल काढावा लागला. आता कर्नाटकच्या किनाऱ्याकडे आणखी एक पद्धत आली आहे. नारळाच्या झावळ्या आणि पोया बांधून पाण्यात सोडतात. अंडी घालायला आधार शोधणारे माकूल तिथे जमतात आणि तिथेच पकडले जातात. अंडी त्या झावळ्यांवर राहतात, नाहीतर झावळ्यांबरोबर ओढली जातात. वर्षभराचे आयुष्य आणि एकदाच अंडी, अशा प्राण्याच्या बाबतीत हे किती काळ चालेल, असे संस्थेचे वैज्ञानिक विचारत आहेत. ही पद्धत ज्याने शोधली त्याला माकूल कधी, कुठे आणि कशावर अंडी घालते याचे बारीक ज्ञान होते, हे विसरता येत नाही. त्याच ज्ञानाची नोंद वैद्यांच्या ग्रंथांत कधी गेली नाही, आणि ती आता लिहिली जाते आहे ती मासेमारीवर बंदी घालावी की नाही या कागदपत्रांत.

गेल्या वर्षी लातूरच्या गंजगोलाईतल्या एका काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मागितला. दुकानदाराने खालच्या बरणीतून काढून दिला. त्याची दोन गिऱ्हाइके, म्हणाला: एक वैद्य आणि दुसरे पोपट पाळणारे, पिंजऱ्यात चोच घासायला टांगतात. मी विचारले, हा कशाचा? तो म्हणाला, “समुद्राचाच की हो, नावातच आहे.” मी त्याला माकुलाविषयी सांगितले. रंगांचे सांगितले, अर्ध्या अंगाच्या बहुरूप्याचे सांगितले. त्याने ऐकले, तुकडा उलटसुलट करून पाहिला, टणक बाजूवरच्या कमानीसारख्या रेघांवरून अंगठा फिरवला आणि मग हळूच बरणीचे झाकण लावून ती वरच्या फळीवर, शंखभस्माच्या शेजारी ठेवली.

आजीचे दोन तुकडे अजून आमच्याकडे आहेत, पुनर्वसनात मिळालेल्या घराच्या सिमेंटच्या फळीवर. मुलीला परवा ते दाखवले. तिने मोबाईलवर जिवंत माकुलाची चित्रफीत लावली आणि दोन्ही शेजारी ठेवले. पडद्यावर प्राणी वाळूवर उतरला आणि नाहीसा झाला. मग तिने विचारले की याच्या अंगावर शेवटी कोणता रंग होता.